टाकीचं रूट कॅनाल

डॉक्टरांनी दिव्याचा झोत काचेवर आणला, नाकावरचा मास्क नीट केला आणि सवयीप्रमाणे म्हणाले, “दुखलं तर हात वर करा.”

टाकीनं हात वर केला नाही. दातांच्या खुर्चीवर ती पाठ टेकून पडली होती. पेशंटच्या गळ्यात बांधतात तो निळा कागद तिच्या कडेला अडकवलेला होता आणि पोटात पाण्याचा थेंब नव्हता. तिच्यातले मासे गुळण्या करायच्या पेल्यांत, पेल्याला एक या हिशेबानं, खिडकीत रांगेनं बसले होते आणि आपला नंबर कधी लागतो या चेहऱ्यानं खुर्चीकडे बघत होते.

“सर, काचेला भूल नको?” कापूसताईंनी विचारलं. त्या डॉक्टरांच्या मदतनीस. त्यांना कापूसताई म्हणायचं कारण असं की कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे एकच उत्तर असे आणि ते पांढरं असे.

“भूल नको.”

“मग कापूस?”

“कापूसही नको, ताई.”

तरी त्यांनी टाकीच्या दोन कोपऱ्यांत दोन बोळे ठेवलेच.

टाकीला भोक पाडायची वेळ का आली ते सांगायला हवं, नाहीतर डॉक्टरांविषयी गैरसमज व्हायचा. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. दवाखाना ठिकाणावर राहील की नाही, एवढाच प्रश्न होता.

दवाखाना वरच्या मजल्यावर आणि त्याच्या बरोबर खाली गाद्यांचं दुकान. दुकानाचे मालक तेच इमारतीचे मालक. सगळे त्यांना गादीशेठ म्हणत. बाहेरच्या खोलीत, पेशंटांच्या बाकासमोर, एका लाकडी कपाटावर ही माशांची टाकी होती. घाबरलेल्या पेशंटांनी माशांकडे बघावं आणि शांत व्हावं, ही कल्पना. मासे दिवसभर न सांगता तोंड उघडत आणि मिटत. डॉक्टरांना असे पेशंट आवडत. पण टाकीत पाणी भरताना एकदा कापूसताईंचा फोन वाजला आणि एकदा डॉक्टरांचा. दोन्ही वेळा नळी टाकीत राहिली, टाकी काठोकाठ भरून वाहिली आणि पाण्याला कपाटामागचं एक जुनं भोक सापडलं. तिथे पूर्वी कधीतरी बेसिन होतं. पाणी जगात कुठंही सांडलं तरी पुसता येतं. गादीवर सांडलं की ते गादीचं होतं.

गादीशेठ दोन्ही वेळा वर आले. रागावल्यावर लोक आवाज चढवतात. गादीशेठ आवाज उतरवत, त्यामुळे समोरच्याला वाकून ऐकावं लागे आणि आपोआपच नमस्कार केल्यासारखं होई.

“डॉक्टर,” ते दुसऱ्या वेळी म्हणाले, “महिनाअखेर तुमचा करार संपतो. तोवर माझ्या गादीवर आणखी एक थेंब पडला, तर नवा करार होणार नाही. थेंब म्हणजे एक. ओंजळभर नाही, चमचाभर नाही. एक.”

डॉक्टरांनी ही जागा जमवताना निम्मे केस घालवले होते. त्या रस्त्यावर दुसरी जागा नव्हती, आणि दात दुखणारा माणूस दुसऱ्या रस्त्यावर जात नाही. वाटेत जो डॉक्टर लागेल त्याच्याकडे शिरतो.

“मग टाकी काढून टाका ना!” असं कुणीही म्हणेल. डॉक्टरांची बायकोही आधी म्हणाली, आणि मग तिला आठवलं की टाकी तिच्याच वडिलांनी दवाखान्याच्या उद्घाटनाला दिली होती. त्यानंतर ती म्हणाली, “मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.” सासऱ्यांनी दिलेली वस्तू परत करायची नसते, हे डॉक्टरांना लग्नापासून ठाऊक होतं. लग्नातला कोट अजून कपाटात होता आणि कपाटाचं दार त्यामुळे लागत नव्हतं.

शिवाय सासरेबुवा रोज सकाळी टाकीची चौकशी करायला जातीनं येत आणि दुपारपर्यंत बाकावर बसत. पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागातून ते निवृत्त झाले होते. उभी हयात त्यांनी जमिनीला कान लावून काढली होती. रस्त्यानं जातानाही ते मधूनच थांबत, मान तिरकी करत आणि “इथे आहे,” असं म्हणून पुढे जात. काय आहे ते विचारायची हिंमत कुणी करत नसे.

तर डॉक्टरांनी मासेविक्रेत्याला फोन केला. त्यानं उपाय सांगितला. टाकीच्या वरच्या कडेजवळ एक भोक पाडायचं. पाणी तिथवर चढलं की भोकातून पाइपानं खाली उतरेल, कपाटात ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत. तिथला पंप ते पुन्हा वर पाठवेल. वरच्या टाकीत कितीही पाणी ओता, काठावरून सांडायचं नाव नाही.

“भोक पाडायला टाकी घेऊन या,” मासेविक्रेता म्हणाला. “हिऱ्याच्या टोकाचं ड्रिल लागतं. काच तापू नये म्हणून सारखं पाणी सोडावं लागतं. जोर लावायचा नाही, नुसतं फिरवत राहायचं. घाई केली की काच गेली. हे घरी जमणार नाही हो.”

डॉक्टर फोनकडे बघत राहिले. हिऱ्याचं टोक, सारखं पाणी, जोर न लावता फिरवणं. माणूस त्यांच्याच पोटापाण्याचं वर्णन करत होता. फरक एवढाच, की काच ओरडत नाही.

“आणि हो,” मासेविक्रेत्यानं जाता जाता सांगितलं, “पंपाचा पाइप वरच्या टाकीत जिथं बुडतो, तिथं पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली त्या पाइपाला एक बारीक भोक ठेवा. लाइट गेली, पंप थांबला, की वरचं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली यायला लागतं. भोक असलं की तिथून हवा शिरते आणि पाणी थांबतं. विसरू नका. ते भोक म्हणजे पाइपाचं नाक आहे.”

डॉक्टर विसरले नाहीत. हे त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवायला हवं.

आता रविवारी दवाखाना बंद ठेवून ते खुर्चीपाशी उभे होते. काचेवर त्यांनी वर्तुळ आखलं होतं आणि ड्रिल त्या रेषेवरून गोल गोल फिरत होतं. बारीक फवारा उडत होता, आणि कापूसताई थुंकी ओढायची नळी धरून काचेचं पांढरं पाणी ओढून घेत होत्या. दारात सासरेबुवा हाताची घडी घालून उभे होते.

“जावईबापू,” ते म्हणाले, “पाणी गळू नये म्हणून भोक पाडणारा माणूस मी खात्यात पाहिला नाही.”

“बाबा, हे गळतीचं भोक नाही. हे शिस्तीचं भोक आहे.”

“प्रत्येक भोक सुरुवातीला असंच म्हणतं.”

शेवटी काचेची गोल चकती टप्पकन सुटली. टाकीला चरा गेला नाही. कापूसताईंनी चकती चिमट्यानं उचलली, उपटलेला दात ठेवतात त्या वाटीत ठेवली आणि नेहमीसारखं विचारलं, “घरी नेणार का?” मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी वाटी सासरेबुवांपुढे धरली. सासरेबुवांनी चकती बोटांत फिरवून पाहिली, कडेवरून नख फिरवलं आणि काही न बोलता परत ठेवली. जावयाला एवढी मोठी शाबासकी त्यांनी त्याआधी दिली नव्हती.

टाकी जागेवर गेली. भोकात रबराचं कडं आणि पाइप बसला, कपाटात दुसरी टाकी आली, पंप सुरू झाला. पाणी चढत होतं, उतरत होतं, पुन्हा चढत होतं. डॉक्टरांनी मुद्दाम वर बादलीभर पाणी ओतलं. टाकीनं ते निमूटपणे खाली पाठवून दिलं. दवाखान्यात अशी आज्ञाधारक वस्तू दुसरी नव्हती.

एक अडचण मात्र निघाली. पंपाचा पाइप वरून धो धो पाणी सोडायचा, आणि तो आवाज ऐकून बाकावरचे पेशंट एकामागून एक बाथरूमला जाऊ लागले. दात दाखवायला आलेला माणूस बाथरूमपर्यंत गेला की त्याला तिथून जिना दिसतो, आणि जिना दिसला की त्याचा दात दुखायचा थांबतो. म्हणून डॉक्टरांनी पाइप लांब करून त्याचं तोंड टाकीच्या तळापर्यंत नेलं. आवाज बंद झाला. मग त्यांनी सर्वांत बारीक टोक घेऊन, मासेविक्रेत्यानं सांगितल्याप्रमाणे, पाण्याच्या जरा खाली पाइपाला नाक पाडलं.

त्या नाकातून पाण्याची बारीकशी चिळकांडी टाकीतच सुटायची. छोटे मासे तिथं जमायचे आणि प्रवाहात डोकं खुपसून पोहायचे. डॉक्टरांना ते बघून बरं वाटे. ते निश्चिंत झाले, आणि निश्चिंत झालेला माणूस टाकीकडे बघायचं सोडतो.

सासरेबुवा बघत होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी गादीशेठ स्वतःहून वर आले. करारासाठी नाही. त्यांचा उजवा गाल सुजला होता आणि आवाज इतका उतरला होता की डॉक्टरांना जवळजवळ त्यांच्या छातीला कान लावावा लागला.

“रात्रभर डोळा नाही,” गादीशेठ म्हणाले. “दुकानात एवढ्या गाद्या, पण एकीवरही पडवलं नाही.”

डॉक्टरांच्या मनात आलं, देव असलाच तर तो दाढेच्या बाजूला कुठेतरी राहत असावा. ज्या दिवशी करार व्हायचा किंवा मोडायचा, त्याच दिवशी करार करणारा माणूस तोंड उघडून आपल्या खुर्चीत! दाढ वरची होती. त्यांनी अतिशय प्रेमानं सुई दिली.

“जरा वेळानं गाल जड होईल, शेठ. अगदी डोळ्याच्या खालपासून ओठापर्यंत. मग कुणी चिमटा काढला तरी कळणार नाही.”

“डॉक्टर, त्या टाकीचं काय केलंत?”

“आता तिच्यातून थेंबसुद्धा बाहेर पडू शकत नाही.”

“बघू,” गादीशेठ म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडातून अर्धाच बाहेर आला, कारण ओठाचा उजवा भाग तोवर सुट्टीवर गेला होता.

डॉक्टरांनी काम सुरू केलं. दाढ अर्धी साफ झाली असेल नसेल, तोच दार उघडून कापूसताई आत आल्या. त्यांच्या दोन्ही हातांत कापूस होता आणि तो ओला होता.

“सर,” त्या गादीशेठकडे बघत, शब्द निवडून निवडून म्हणाल्या, “बाहेरच्या पेशंटला स्राव सुरू झालाय.”

“कुठल्या?”

“तो... जो नेहमी कपाटावर बसतो.”

डॉक्टरांच्या हातातलं ड्रिल थांबलं. “वरच्या जबड्यातून?”

“वरचा ठीक आहे. खालचा भरून वाहतोय.”

“शेठ, तोंड उघडंच ठेवा. मी आलो. अजिबात मिटू नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.”

गादीशेठनी तोंड अधिकच मोठं केलं.

बाहेर बाकावर शाळेच्या हेडबाई, एक बसड्रायव्हर आणि नुकतं लग्न झालेलं एक जोडपं बसलं होतं. सगळ्यांनी पाय वर घेतले होते. फरशीवर पाणी होतं. कपाटाचं दार उघडं होतं आणि त्यापुढे सासरेबुवा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. पंपाचं बटण बंद होतं.

“बाबा, हे काय?”

“चाचणी.”

“कसली चाचणी?”

“लाइट गेली तर काय होतं, ती. खात्यात चाचणी घेतल्याशिवाय आम्ही कुठलीही लाइन सोडत नसू. मी बटण बंद केलं. वरचं पाणी खाली उतरायला लागलं. म्हटलं, छान, व्यवस्था चालते आहे.”

“पण खालची टाकी भरून वाहायला लागली ना! तेव्हा तरी बटण चालू करायचं!”

“चाचणी अर्धवट सोडायची नसते,” सासरेबुवा म्हणाले.

डॉक्टरांनी झडप घालून बटण दाबलं. पंपानं हुंकार दिला आणि उरलेलं पाणी पुन्हा वर चढू लागलं. “असं होऊच शकत नाही,” ते पुटपुटले. “नाकातून हवा जायला हवी होती. मी स्वतः भोक पाडलं होतं.”

“ते होय?” सासरेबुवांचा चेहरा उजळला. “ती गळती तुमच्या लक्षात आली होती तर! मला वाटलं, तुम्हाला पत्ताच नाही. काल बंद केली मी.”

“बंद... केली?”

“या ताईंनी मदत केली.”

कापूसताई खाली बघू लागल्या. “सर, त्यांनी पाइपला भोक दाखवलं. भोक दिसलं की मला राहवत नाही. पाइप काढला, कोरडा केला, तुमचं दातांचं सिमेंट भरलं आणि ते कडक करायचा निळा दिवा वर दाखवला. एकदम पक्कं बसलंय. निघायचं नाही.”

तसं बघितलं तर चूक कुणाचीच नव्हती. एका माणसाचं सगळं आयुष्य पाइपांची भोकं बुजवण्यात गेलेलं. दुसऱ्या बाईचं दातांची. त्या दोघांसमोर एक भोक असलेला पाइप आला. त्यांनी दुसरं करायचं तरी काय?

तेवढ्यात सासरेबुवांनी मान तिरकी केली, गुडघे टेकले आणि कपाटामागच्या फरशीला कान लावला.

“उतरतंय,” ते गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर थेंब आला. एक.

“बाबा, खाली जा. गाद्या हलवा.”

“पलंगासकट मांडलेल्या आहेत त्या. पहिलवान लागतील.”

“मग बादल्या लावा!”

“गादीवर बादली दिसली की तो पुरावा होतो, जावईबापू.” सासरेबुवा उठले. गळती विभागातलं जुनं तेज त्यांच्या तोंडावर आलं होतं. “खात्याचा नियम असा, की गळती थांबेपर्यंत खाली भांडं धरायचं. भांडं नसेल तर जे असेल ते धरायचं. तुम्ही शेठना धरून ठेवा. बाकीचं माझ्यावर सोडा.”

आणि ते बाकाकडे वळले. डॉक्टरांना पुढचं ऐकायला थांबता आलं नाही. पण दार लोटता लोटता एक वाक्य कानावर पडलंच: “चला मंडळी, नंबर लागला. आज आडवं पडून तोंड उघडायचा सराव खाली आहे.”

दातांच्या दवाखान्यात येणारा माणूस घरातून निघतानाच हार मानून निघालेला असतो. एकानंही ‘का’ असं विचारलं नाही. हेडबाईंनी फक्त पर्स कुठे ठेवायची ते विचारलं.

आत गादीशेठ तोंड वासून तसेच बसले होते. डॉक्टरांनी राहिलेलं काम शक्य तितकं हळू केलं. दाढ साफ केली, भरली, घासली, पुसली. मग शेजारची पुसली. तिच्या शेजारची पुसली. कापूसताई मधूनमधून खाली जाऊन येत होत्या आणि दारातूनच मान हलवत होत्या: अजून नाही.

“शेठ, डावीकडे वरसुद्धा एक किडलीय,” डॉक्टर म्हणाले. ती खरंच किडली होती. हे त्यांनी त्या रात्री बायकोला तीनदा सांगितलं आणि तिनं तीनदा ‘बरं’ म्हटलं. “सुई देऊन टाकू? पुन्हा जिना चढायला नको.”

गादीशेठनी डोळ्यांनी होकार दिला. तेवढाच एक अवयव आता त्यांच्या ताब्यात होता.

दुसरी दाढही भरून झाली. आता तोंडात काही करण्यासारखं उरलं नाही. डॉक्टर जीभ साफ करायच्या विचारात होते, पण गादीशेठ उठून उभे राहिले आणि एका बाजूला झुकले.

“जरा बसा, शेठ. चक्कर येईल.”

“दुकान,” गादीशेठ म्हणाले. ओठ जागेवर नसल्यामुळे शब्द घसरत बाहेर येत होते. “एकटा सेल्समन आहे. तो झोपतो.”

हे खरं होतं. गादीच्या दुकानातला सेल्समन म्हणजे मिठाईच्या दुकानातल्या मुंगीसारखा. सोडला की गेला. डॉक्टर त्यांचा दंड धरून एकेक पायरी उतरू लागले. इतक्या जपून त्यांनी कधी स्वतःच्या बापालाही उतरवलं नव्हतं. जिन्याच्या शेवटच्या वळणावर त्यांनी मनातल्या मनात दवाखान्याची पाटी उतरवून ठेवली.

दुकानाच्या दारात गादीशेठ थांबले.

मांडलेल्या प्रत्येक गादीवर माणूस होता. हेडबाई भिंतीकडच्या गादीवर हात पोटावर जुळवून पडल्या होत्या. पलीकडे बसड्रायव्हर, टाचा जुळवून. नवं जोडपं जोडगादीवर. मधोमध, दुकानातल्या सर्वांत मोठ्या गादीवर, खुद्द सासरेबुवा. सगळे उताणे. सगळ्यांचे डोळे छताकडे. सगळ्यांची तोंडं उघडी. कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. अधूनमधून कुणाच्या तरी घशाचा आवाज येई: घुटुक. अगदी मागच्या गादीवर सेल्समनही तसाच पडला होता, पण तो खरा झोपला होता.

गादीशेठ हळूहळू हेडबाईंजवळ गेले. “बाई, कशी वाटली गादी?”

हेडबाईंचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी डोळे मोठे केले, भुवया उंचावल्या आणि नाकातून एक लांब सूर काढला.

गादीशेठ बसड्रायव्हरकडे वळले. त्यानंही तोच सूर काढला, जरा खालच्या पट्टीत. नवरदेवानं गिळायचा प्रयत्न केला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“इतकी गिऱ्हाइकं,” गादीशेठ म्हणाले. “एकाच वेळी. आणि कुणी भावसुद्धा विचारत नाही.”

त्यांचा तोल जातोय हे पाहून सासरेबुवा लगबगीनं उठले. ते जुन्या वळणाचे होते. मालक उभा असताना त्याच्या गादीवर आपण पडून राहायचं, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना अडवायला भुवया हलवल्या, डोळे फिरवले, शेवटी सरळ मान हलवली.

“या, शेठ, पडा,” सासरेबुवा म्हणाले. “तुमचीच गादी आहे.”

गादीशेठ आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले. सासरेबुवांनी शेठच्या नाकासमोरचं छत न्याहाळलं, आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो.

छतावर थेंब तयार होत होता. गोल झाला, लांब झाला, जरा थांबला. डॉक्टरांनी त्याच्याकडे जसं पाहिलं, तसं आयुष्यात कुठल्याही दाताकडे पाहिलं नव्हतं. थेंब सुटला आणि गादीशेठच्या डाव्या गालावर पडला.

काही झालं नाही.

दुसरा पडला. तिसरा उजव्या गालावर. गादीशेठ संथ श्वास घेत होते. गालावर त्या क्षणी कुणी खिळा ठोकला असता तरी त्यांना कळलं नसतं. पाणी गालावरून घरंगळत कानाकडे निघालं. कानाला मात्र कुणी सुई दिली नव्हती.

गादीशेठनी डोळे उघडले. त्यांनी कानात बोट घातलं, बोट पाहिलं. मग हात गालावर नेला. गाल ओला होता. दुसरा गालही ओला होता. ते स्वतःच्या बोटांकडे बघू लागले. पुढचा थेंब पडायच्या आत डॉक्टर पुढे झाले आणि तब्येत बघितल्यासारखं करून त्यांच्यावर वाकले. थेंब डॉक्टरांच्या मानेवर पडला आणि पाठीवरून सरसरत गेला. डॉक्टर हलले नाहीत.

“डॉक्टर,” गादीशेठ अगदी हळू आवाजात म्हणाले, “मी रडतोय?”

हेडबाईंनी गिळलं.

“हो, शेठ,” डॉक्टर म्हणाले.

“कशाला?”

“दुकान भरलेलं बघून आलं असेल. आनंदानं येतं कधीकधी.”

गादीशेठ उठून बसले. “मी रडत नसतो,” ते म्हणाले. “वडील गेले तेव्हा सगळं घर रडत होतं आणि मी बाहेर माणसांना सतरंज्या घालत होतो. बायको म्हणते, देवानं तुमच्या छातीत हृदयाऐवजी कापूस भरलाय. मलाही तसंच वाटायचं हो. वाटायचं, आपल्यात ते यंत्रच बसवलेलं नाही.” त्यांनी पुन्हा गालाला हात लावला, जपून, जणू पुसलं गेलं तर परत मिळणार नाही. मग बोटं नाकाशी नेली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “पण डॉक्टर, अश्रूंना असा वास येतो? माशासारखा?”

“फार दिवस साठलेल्यांना येतो,” सासरेबुवा म्हणाले. गळती विभागाच्या अनुभवी माणसानं सांगितलं म्हटल्यावर कुणी वाद घातला नाही.

गादीशेठनी मान हलवली. ते पटण्यासारखंच होतं.

“करार संध्याकाळी करून टाकू,” ते म्हणाले. “दवाखाना इथेच राहील. ज्या जिन्यावरून उतरल्यावर मला हे झालं, तो जिना मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.”

तोवर वरचं पाणी आटलं होतं. छतावरचा शेवटचा थेंब गोल झाला, लांब झाला आणि विचार बदलून तसाच राहिला. पेशंट एकेक करून उठले. बसड्रायव्हरची दाढ दुखायची थांबली होती. नव्या जोडप्यानं ती जोडगादी विकत घेतली, कारण नवरीला ती खरोखर आवडली होती आणि इतका वेळ ती सांगू शकत नव्हती. डॉक्टरांनी त्याच दुपारी पाइपाला नवं भोक पाडलं, सासरेबुवांना आणि कापूसताईंना समोर बसवून बटण बंद केलं आणि पाणी आपोआप थांबतं ते दाखवलं. सासरेबुवांनी ते पाहिलं, पण त्यांचा हात सारखा त्या भोकाकडे जात होता. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

करार झाला. टाकी आता खरोखरच सांडू शकत नव्हती. दोन्ही लोक सुखी होते, वरचे आणि खालचे.

चार दिवसांनी गादीशेठ पुन्हा वर आले. सूज उतरली होती, आवाज होता तसाच होता. नंबर न लावता ते सरळ आत आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

“दुखतंय का, शेठ?”

“दात नाही दुखत.” ते खुर्चीच्या कडेवर बसले. “बायकोला सांगितलं. म्हटलं, परवा मी रडलो. ती हसली. इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री बसून प्रयत्न केला मी. वडील आठवले, आई आठवली, वाळवीनं खाल्लेल्या त्या पलंगपेट्या आठवल्या. काही येत नाही. कोरडं.” त्यांनी मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण फी न आणलेल्या पोरासारखा दिसत होता. “इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही हो. एकदा तिला दिसलं पाहिजे. उद्या दुपारी तिला दुकानात आणतो. तुम्ही मला ती दोन्हीकडची सुई द्या. चार माणसं खाली पाठवा. मी त्याच गादीवर पडतो. बाकी माझं मी बघतो.”

डॉक्टरांनी मान वळवली. दाराच्या फटीतून बाहेरची खोली दिसत होती. टाकीत पाणी चढत होतं, उतरत होतं, थेंबभरही इकडेतिकडे होत नव्हतं. खुर्चीच्या कडेवर गादीशेठ वाट बघत बसले होते. या खुर्चीत डॉक्टरांनी पुष्कळ दुखणी पाहिली होती, पण हे त्यांच्या पुस्तकात नव्हतं आणि त्यावरचं औषध बाहेर बाकावर, हात मांडीखाली दाबून बसलं होतं.

“वहिनी किती वाजता येतील?” त्यांनी विचारलं.

“जेवणं झाली की लगेच.” गादीशेठ उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. “फक्त तिला आधी कळू द्यायचं नाही, डॉक्टर. तिला वाटलं पाहिजे की ते अचानक आलं.”

“अचानकच येईल,” डॉक्टरांनी शब्द दिला.